सगळ्या इमेजना एकच टॅग

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात रक्ततपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. प्रत्येक बदलानंतर त्याची एक इमेज, म्हणजे बांधून तयार केलेला संच, बनते. तिच्यावरचा टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, बघून सर्व्हरवरची यंत्रणा ती आपोआप उचलते. आमचे साहेब प्रत्येक इमेजला 'लेटेस्ट' हाच टॅग लावायला लावत. टॅगमध्ये आकडे घालणं त्यांना कारकुनी वाटायचं.

एकदा बायकांचं हिमोग्लोबिन पुरुषांच्या मर्यादेशी ताडून पाहिलं जात होतं. दुपारी आम्ही चूक दुरुस्त केली आणि साहेबांनी लगेच पेढे वाटले. तासाभरात मुलुंडच्या लॅबमधल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, अजून धडधाकट बायकांना ॲनिमिया दाखवतंय. बाहेर रांग लागलीय, देऊ काय मी त्यांना?"

"रिपोर्ट थांबवा," म्हटलं आणि पाहिलं. टॅग तोच असल्यामुळे यंत्रणेला नवीन काही दिसलंच नव्हतं. जुनीच इमेज चालू होती.

"अगं, लेटेस्ट लिहिलंय ना? मग नवीनच घेणार!" साहेब पेढा चघळत म्हणाले.

"सर, तुमच्या मनातलं यंत्राला कळत नाही."

त्यांना न विचारता मी टॅगमध्ये बिल्डचा, म्हणजे कितव्यांदा इमेज बांधली त्याचा, क्रमांक घातला आणि सर्वांत मोठा क्रमांक उचलायला यंत्रणेला सांगितलं. पाच मिनिटांत नवी इमेज चढली. बाईंनी रिपोर्ट पुन्हा काढले, रांग हलली.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी 'माझी क्रमांक पद्धत' फळ्यावर समजावली, तीही उलटी: म्हणे सर्वांत लहान क्रमांक उचलायचा. टॅग आता आपोआप लागतो, त्यांचा हात तिथे पोचत नाही.