बाणांच्या काड्या

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतार रंधा मारत होता. ताज्या लाकडाचा वास आला आणि हडपसरची ती सकाळ आठवली.

दादाला अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा अर्धवट भरलेल्या टाकून, तो मला सुताराकडे घेऊन गेला. आम्ही दोघं जवळच्या मांजरी गावात, उसाला लागून असलेल्या माळावर लाकडी धनुष्याने नेमबाजी करायचो. बाणांसाठी काड्या नेहमी तोच निवडायचा. काडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघायची, फरशीवर लोळवायची, मग हलकेच वाकवून ताठपणा जोखायचा.

त्या दिवशी मात्र तो हाताची घडी घालून उभा राहिला.

"दादा, ही घेऊ?"

"मला नको विचारूस. तूच ठरव."

मला रागच आला. याचं मन आत्ताच तिकडे पोचलंय, असं वाटलं. तो मला एकटीने निवडायला शिकवतोय, हे फार उशिरा कळलं.

मी बारा काड्या निवडल्या. तो गेल्यावर त्यांचे बाण केले आणि एकटीच माळावर गेले. पहिलाच बाण निशाणाच्या बरोबर मधोमध लागला.

"दादा, बघ!" म्हणत मी मागे वळले. मागे नुसता ऊस सळसळत होता.