आईपुरती एकच प्रत

लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा घरातल्या स्वयंपाकघरापेक्षा फोटोची काळी खोली मोठी होती. यजमान फोटोग्राफर. सुरतेला राहून काम शिकून आलेले. पुढच्या पडवीत पडदा, खुर्ची आणि तिपाईवरचा कॅमेरा; मागच्या खोलीच्या खिडकीला काळं कापड ठोकलेलं. ती खोली सासरच्या बाकी बायकांना अशुभ वाटायची. मला आवडली. आत लाल काचेचा कंदील असायचा आणि त्या उजेडात कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना बघणं मला कधी जुनं झालं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी ह्यांनी सुरतेच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून छपाईचं मशीन आणलं. आगगाडीनं आलं, स्टेशनापासून बैलगाडीनं. लाकडी पेटी, चांगली टेबलाएवढी. एका टोकाला फोटोच्या कागदाची भली मोठी गुंडाळी बसवायची, दुसऱ्या टोकाला रिकामा रूळ. मध्ये काच, काचेखाली पत्र्याच्या डब्यात दिवा. काचेवर निगेटिव्हची प्लेट ठेवायची, हँडल एक फेरा फिरवलं की कागद एका कार्डाएवढा पुढे सरकायचा, पायाखालची पट्टी दाबली की झडप उघडून उजेड पडायचा. फेरा, पाय, फेरा, पाय. एका बैठकीत एकाच फोटोच्या शेकडो प्रती. मग तो लांबलचक कागद एकेका टबातून ओढायचा, धुवायचा, दोरीवर वाळत घालायचा आणि कापायचा.

ह्यांचा हात त्या मशीनवर बसला नाही. पाय लवकर उचलायचे, निम्मी कार्डं फिकी यायची. मी एकदा बसून बघितलं आणि मला ते जमलं. जातं फिरवलेल्या बाईला ठेका शिकवावा लागत नाही. तेव्हापासून मशीन माझं झालं. प्रवासात त्याच्या काचेला एक बारीक ओरखडा पडला होता, त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात केसासारखी पांढरी रेघ यायची. कापताना मी तो कोपरा एवढा नेमका उडवायची की गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.

देवांची चित्रं छापली, शाळांचे फोटो छापले. होळीला हे डोंगरातल्या काठी गावाला जायचे आणि मोरपिसांचे उंच टोप घातलेल्या नाचणाऱ्यांच्या प्लेटा घेऊन यायचे. ती कार्डं जत्रांतून खपायची. त्या माणसांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. खोटं कशाला सांगू.

माझं माहेर कोरीट. काही लांब नाही, सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या जेवणाला पोहोचावं. पण कामामुळे मला वर्षभर जाता आलं नव्हतं. आईनं भावाबरोबर निरोप धाडला, “तुन्हं तोंड देखाले जीव तळमळस.” भाऊ निरोप सांगून गेला आणि मी चुलीपुढे बसून रडले. हे आत आले. म्हणाले, “रडतेस कशाला? तोंडच पाठवून देऊ.”

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन मागच्या अंगणात केस वाळवत बसले होते. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत यायचे. माहेरी असताना आई दर आठवड्याला ते स्वतः धुवायची, धूप द्यायची. हे कॅमेरा उचलून थेट अंगणातच आले.

“थांबा, अंबाडा घालते. डोक्यावर पदर तरी घेऊ द्या.”

“आईला पदराखालची सून पाठवायची आहे का? तिला तिची मुलगी पाठवू. अशीच बस.”

मला ते पटलं. इतकं पटलं की मला हसू आलं, आणि त्याच हसण्यावर त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगाची टोपी काढून पुन्हा लावली. मोकळे केस, उघडं डोकं, हसणारी बाई. आमच्या घराण्यात असा फोटो परक्या माणसानं बघणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून मी आधी वचन घेतलं होतं. आईपुरती एकच प्रत. प्लेट लगेच खरवडायची.

“लगेच,” हे म्हणाले. “काच मलाही दुसऱ्या कामाला हवीच आहे.”

प्रत काढून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. परातीत काच पालथी ठेवली होती. मीच सोड्याचं कढत पाणी ओतलं. त्यांनी काच तशीच पालथी धरून चाकूनं खालचा थर सोडवला, तो सायीसारखा सुरकुतून पाण्यात पडला. पालथ्या काचेवर कोण होतं ते मी बघितलं नाही. बघावं असं वाटलंच नाही.

आईनं तो फोटो पितळी डब्यात जपून ठेवला. भाऊ सांगायचा, दुपारी घरात कोणी नसलं की ती डबा उघडून बसते.

पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी कोरीटला गेले. मशीनवर निम्म्याहून जास्त कागद शिल्लक होता. निघताना मी ह्यांना म्हटलं, “मी येईपर्यंत हात लावू नका, कागद फुकट जाईल.” ते हसले. मुलगी झाली. हे बारशाला आले, लेकीला मांडीवर घेतलं, आईच्या पाया पडले, गुळाची ढेप ठेवून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊ बैल बघायला खापर गावच्या बाजारी गेला होता. तो परत आला तेव्हा मी ओसरीवर मुलीला तेल लावत होते. माझ्याशी न बोलता तो आईकडे गेला, पागोट्याच्या घडीतून एक कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आईनं ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग उठून पितळी डबा आणला, त्यातला फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवले.

मी उठून गेले. दोन्हीकडे मी. एका फोटोखाली गुजराथी अक्षरांत केसांच्या तेलाचं नाव छापलेलं. खापरला तेलवाल्याच्या दुकानी प्रत्येक बाटलीबरोबर ते कार्ड फुकट मिळत होतं, भाऊ म्हणाला. दुकानाच्या फळीला एक टाचलेलं होतं आणि लोक त्याखाली उभे राहून बोलत होते. काय बोलत होते ते त्यानं सांगितलं नाही.

“तुले माहीत व्हतं का?” त्यानं विचारलं.

“नही.”

“मंग आते तठे जावानं नही.”

मी ते कार्ड उजेडात नेलं. अजून मला वाटत होतं, कोणी परक्यानं कुठून तरी नक्कल केली असेल. मग वरचा डावा कोपरा दिसला. केसासारखी पांढरी रेघ. कापणाऱ्याला तो कोपरा कसा उडवायचा हे माहीत नव्हतं. माझ्याच मशीनवर, माझ्याच जागी बसून, मी बाळंतिणीच्या खाटेवर असताना ते छापलं होतं.

 आई डबा मिटत म्हणाली, “हाऊ फोटू मन्हाजोडेच शे आसं माले वाटे.”

भावाच्या संतापानं मला काही झालं नाही. आईचं ते ‘मन्हाजोडेच’, फक्त माझ्याजवळच, मात्र मला लागलं. तिची अब्रू गेली असं ती म्हणत नव्हती. तिच्याजवळ एक वस्तू होती, ती आता तिची राहिली नव्हती.

सव्वा महिना झाल्यावर मी जायला निघाले. भाऊ गाडी जुंपायला तयार नव्हता. आईनंच त्याला गप्प केलं. मला म्हणाली, “जाय. पन इचारीसन ये.”

नंदुरबारला पोहोचल्यावर मी पाळणा बांधला, मुलीला निजवलं आणि ते कार्ड ह्यांच्यापुढे ठेवलं. हे घरात माझ्याशी साधं बोलायचे, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांशी बोलायचे तसं ठेवणीतलं मराठी बोलू लागले.

“सुरतेचा व्यापारी आहे. मोठा माणूस आहे. त्याला केसांचा फोटो हवा होता. नाव कुठे छापलंय तुझं? कोण ओळखणार?”

“माझ्या भावानं ओळखलं.”

“योगायोग.”

“प्लेट तर खरवडली होती.”

त्यांनी कार्ड पालथं घातलं.

“मी पाणी ओतलं होतं. ती कोणाची प्लेट होती?”

“एका मारवाड्याच्या बारशाची,” ते म्हणाले. “खराब झालेली होती.”

हे ऐकून मला जे झालं ते अजून नीट सांगता येत नाही. फोटो विकला, हे एकदा मोहानं झालं असं म्हणता आलं असतं. पण ज्या दुपारी मी हसत बसले होते, त्याच दुपारी त्यांनी ठरवून दुसरी काच परातीत ठेवली होती. मला समाधान वाटावं म्हणून माझ्याच हातानं पाणी ओतवलं होतं.

मी म्हटलं, “ती प्लेट आणा.”

“ती त्याच्याकडे आहे. पुढची छपाई तो तिकडेच करून घेणार आहे.”

“मग आपण तिकडे जाऊ.”

त्यांना वाटलं मी दोन दिवसांत निवळेन. मी स्वयंपाक केला, त्यांना वाढलं, मुलीचं केलं. फक्त काळ्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. कामं तुंबली. आठव्या दिवशी आम्ही सुरतेच्या गाडीत बसलो. मुलगी माझ्या मांडीवर, हे समोरच्या बाकावर खिडकीबाहेर बघत. नवापूर गेलं, व्यारा गेलं.

व्यापारी साठीचा असेल. पांढरी टोपी, स्वच्छ गादी, मागे बाटल्यांच्या फळ्या. बाई माणूस दुकानात आलेलं बघून तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, माझा फोटो मला न विचारता घेतला आहे, प्लेट परत द्या. तो ह्यांच्याकडे बघू लागला. मग पेटीतून एक कागद काढून त्यानं माझ्यापुढे धरला.

“बेन, आ रह्यो तमारो अंगठो.”

माझी मंजुरी आहे असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली शाईचा अंगठा होता. मोठा, रुंद, पुरुषाचा अंगठा.

मी कोरीटच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. लग्नानंतर ऑर्डरींच्या पाकिटांवर नावं मीच लिहायची. ह्यांनी त्या माणसाला सांगितलं होतं की बायको अडाणी आहे. मी दौत-टाक मागितला. त्याच कागदावर, त्या अंगठ्याच्या शेजारी, माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, गावाचं नाव लिहिलं. अक्षर शाळकरी होतं, पण वाचता येत होतं.

व्यापाऱ्यानं ते वाचलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाटल्यांच्या फळीकडे बघत होते. कोणी आवाज चढवला नाही. तो म्हातारा आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच आणून त्यानं माझ्या हातात दिली, ह्यांच्या हातात नाही. उरलेली कार्डं जाळतो म्हणाला. जी गावोगाव गेली ती मात्र आता आपल्या हातात नाहीत, असंही त्यानं सांगितलं. ते खरंच होतं.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं. या वेळी काच आधी कंदिलापुढे धरून नीट पाहिली. निगेटिव्हमध्ये केस पांढरे दिसतात आणि चेहरा काळा. मी एखाद्या म्हातारीसारखी दिसत होते, हसणाऱ्या म्हातारीसारखी. मग परातीत ठेवून मीच खरवडली. हे दारात उभे होते. आत आले नाहीत.

नंतर आईला जाऊन सगळं सांगितलं. तिनं विचारलं, आता बाकी सगळे गेले का. मी खरं ते सांगितलं, की नाही, बाजारात आहेत, कुणाकुणाच्या घरातही असतील. तिनं मान हलवली आणि माझ्या मुलीला मांडीवर ओढून घेतलं. भाऊ पुढे कित्येक वर्षं आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

मी ह्यांना सोडलं नाही. त्या काळी कुठे जाणार, असं म्हणता येईल, पण तेवढंच खरं नाही. माणूस वाईट नव्हता. मुलीच्या तापात रात्ररात्र बसायचा. फक्त त्यानं सांगितलेलं काहीही मी पुन्हा न तपासता घेतलं नाही. बाजारात जातो म्हणाले तरी मी दारातून बघायची, बाजाराकडेच वळतात ना. अशा बघण्यानं आपण किती थकतो हे मला पुढे उशिरा कळलं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा मशीनवर बसले. पण फोटो काढायला येणाऱ्या बायकांना आता मी स्वतः विचारायची, किती प्रती आणि कोणासाठी. त्यांनी सांगितलं तर त्यांच्यासमोर प्लेट खरवडायची, सुलटी ठेवून, त्यांना त्यांचा चेहरा दाखवून. काठीच्या प्लेटाही मी एक दिवस काढल्या. ह्यांना विचारलं, “यांना माहीत आहे का?” ते म्हणाले, “त्यांना काय कळतं?” मी त्या प्लेटा पुन्हा कधी काचेवर ठेवल्या नाहीत. ह्यांनीही आग्रह केला नाही.

लढाई सुरू झाल्यावर कागदाच्या गुंडाळ्या यायच्या बंद झाल्या आणि मशीन कोपऱ्यात गेलं. आम्ही पुन्हा एकेक प्रत हातानं काढू लागलो. अशाच एका सकाळी दोघं टबाशी बसून कार्डं धूत होतो. इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर पुन्हा एक शब्द झाला नव्हता. हे एकाएकी म्हणाले, “तेव्हा मी तुला विचारलं असतं, तर तू हो म्हटलं असतंस?”

“नाही.”

“तेच तर. म्हणून नाही विचारलं.”

मी हातातलं कार्ड पाण्यातून काढलं, निथळू दिलं. “तुम्ही विचारलं असतं, मी नाही म्हटलं असतं, आणि तुम्ही ते ऐकलं असतं,” मी म्हटलं. “असं मला तेव्हा वाटत होतं.”

त्यांनी हात पुसले आणि पाणी बदलायला बादली घेऊन विहिरीवर गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर मी उरलेली कार्डं धुऊन दोरीवर घातली होती.