आधी सामान, मग बांध

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत दमानं भाऊंना घाईत कुणी पाहिलं नाही. लाइन बंद पडलेली असो, मॅनेजर डोक्यावर उभा असो, माणूस आपला नेहमीच्याच चालीनं यायचा, खांद्यावरचा रुमाल खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि म्हणायचा, "दमानं." त्यांचं खरं नाव हजेरीत असेल; पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी स्वतःसुद्धा मागं वळून पाहिलं नसतं.

भाऊ मेंटेनन्समध्ये सीनियर होते. आमच्याकडे प्रत्येक मशीनशेजारी एक टीव्ही टांगलेला, त्यावर किती जॉब, म्हणजे तयार भाग, निघाले तो आकडा. टीव्हीच्या पाठीमागे पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. त्याचा सगळा संसार नखाएवढ्या मेमरी कार्डात. हे सगळे संसार भाऊ सांभाळायचे. मी लातूरची, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन त्यांच्या हाताखाली आले. तोंडानं फटकळ, आणि मला सगळं लगेच हवं. पहिला आठवडाभर त्यांनी मला "मॅडम" म्हटलं, नंतर कायमचं "पोरी."

कार्डं ते स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात ठेवायचे. मोहरीच्या वाटीत नवी कार्डं, जिऱ्याच्या वाटीत नकला करून ठेवलेली, आणि हळदीच्या वाटीत मेलेली. मॅनेजरनं त्यासाठी चांगली पेटी आणून दिली, तर भाऊंनी तिच्यात स्क्रू भरले. शेवटपर्यंत आमच्या कार्डांना जिऱ्याचा वास यायचा.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला अजिबात पटायची नाही. नवं कार्ड घालून तो छोटा कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला की कार्डावर जेवढी जागा असेल तेवढी तो आपसूक व्यापून टाकतो, पार टोकापर्यंत. भाऊ ते होऊच द्यायचे नाहीत. "मोकळं दिसलं की पसरायचं, ही कुठली रीत?" असं पुटपुटत ते शेवटची एक पट्टी रिकामी सोडायचे. मी वैतागायचे. घेतलेली जागा वापरायची नाही म्हणजे काय? ते म्हणायचे, "अगं, दोन कार्डांवर आकडा एकच लिवलेला असतो, पण एक दुसऱ्यापरीस जरा आखूड निघतं. टोकापत्तूर भरलेलं कार्ड आखूड कार्डावर बसवशील कसं? जागा सोडली की कुनाचं अडत न्हाई."

दुसरी शिकवण जागा कमीजास्त करण्याची. कार्डात माहिती ठेवायचा जो कप्पा असतो त्याला भाऊ वावर म्हणायचे, आतल्या माहितीला सामान आणि कप्प्याच्या हद्दीला बांध. "मोठं करताना आधी बांध सरकव, मंग सामान पसर. लहान करताना उलटं. आधी सामान आत घे, मंग बांध. न्हाईतर सामान बांधापल्याड ऱ्हातं आन गेलंच म्हन." मशीनवरचं पोरगं असो की मी, सगळ्यांना हेच, याच शब्दांत. पाठ झालं होतं. जेवताना मी त्यांच्या चालीत म्हणून दाखवायचे आणि ते गालातल्या गालात हसायचे.

पण बांध म्हटलं की भाऊंच्या घरी वेगळंच दुखणं होतं. चाकणजवळच्या गावात त्यांचं रान. थोरल्या भावाची आणि त्यांची वाटणी झालेली. थोरले दादा गुलाबाचं पॉलिहाऊस करायचे. फुलं न्यायला येणाऱ्या टेम्पोला त्यांच्याकडे वळायला जागा नव्हती. टेम्पो मागच्या मागं सडकेपर्यंत उलटा न्यावा लागायचा. दादांनी कोपऱ्यातली थोडी जागा मागितली. भाऊ म्हणाले, "मोजनीत आलंय ते आलंय," आणि हद्दीवर तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. जावा मात्र कुंपणावरून कोथिंबिरीची देवाणघेवाण करायच्या.

एका जानेवारीत भाऊंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "पोरी, गुरुवारी सुट्टीला कुटं जानार हायस?" रहाटणीच्या खोलीत कपडे धुणार, दुसरं काय. मग कुंपणावरून बायकोला कळलेलं सगळं हळूहळू बाहेर आलं. दादांच्या मुलानं पॉलिहाऊसला असाच छोटा कॉम्प्युटर बसवला होता. कुठल्या वाफ्याला किती पाणी, पंखे कधी चालू, सगळं त्याच्यात. मुलगा जहाजावर नोकरीला, फोन लागत नव्हता. कॉम्प्युटर अडकायला लागला होता. दादा आणि वहिनी हातानं कॉक फिरवत पळत होते, कळ्या उन्हानं आधीच उमलत होत्या, आणि फेब्रुवारीचा, व्हॅलेंटाइनचा माल हातचा जायची वेळ आली होती. वर्षाची सगळी भिस्त त्याच्यावर. "आज सुटल्यावर जाऊन कार्ड घिऊन ये, गुरुवारी बसवून ये. माझं नाव काढू नको."

मी कार्ड आणलं. भाऊंनी दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता आधी त्याची नक्कल लॅपटॉपवर घेतली. कार्ड आजारीच होतं, दोनदा मध्येच थांबलं. भाऊ शांत बसले होते, पण त्यांनी रुमालाला घातलेली गाठ मी पाहिली. नक्कल झाली, तर ती नव्या कार्डावर बसेना. पुतण्यानं जुनं कार्ड टोकापर्यंत भरू दिलं होतं आणि नवं जरा आखूड निघालं. मग भाऊंनी नकलेतलं सामान आत घेतलं, नंतर बांध सरकवला, कार्ड भरलं आणि शेवटची पट्टी रिकामी ठेवून माझ्या हातात दिलं.

गुरुवारी मी ते बसवलं आणि पॉलिहाऊसमध्ये पंखे फिरायला लागले तेव्हा वहिनींनी डोळ्याला पदर लावला. दादा कॉम्प्युटरच्या डब्याशी वाकून बघत होते.

"कुनी केलं ह्ये?"

"कंपनीतल्या एकांनी," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबायचं ना? पण माझी जीभ. "ते कार्डाच्या शेवटी नेहमी थोडी जागा मोकळी सोडतात. पुढं कुणाचं अडू नये म्हणून."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे.

"धाकटा व्हय," ते म्हणाले. "कार्डात सोडतोय. रानात टेम्पो वळंल एवढी सोडंना."

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. चांगलं लागावं म्हणूनच सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मोजनीत आलंय..." एवढंच म्हणाले आणि पुढचं जेवणाबरोबर गिळलं. दिवसभर त्यांनी कुणाला "दमानं" म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण मला हा माणूस मनापासून आवडायचा.

आता भाऊ रिटायर झालेत. मसाल्याचा डबा माझ्या टेबलावर आहे, कार्डं मी भरते आणि शेवटची पट्टी रिकामी सोडते. नवी पोरं वैतागतात. त्यांना मी आखूड कार्डाची गोष्ट सांगते. पण मला स्वतःला आठवतो तो दादांकडे कार्ड बसवल्यानंतरचा पुढचा गुरुवार. वहिनींनी फुलं न्यायला बोलावलं होतं म्हणून मी गेले, तर कुंपणाच्या पलीकडे भाऊ. दादांनी मागितलेल्या त्या कोपऱ्यात त्यांची कडब्याची गंजी होती, पाइपांची भेंडोळी होती. ती ते एकेक करून आपल्या रानात आत नेत होते, नेहमीच्याच चालीनं.

अलीकडे दादा पहार घेऊन उभे. त्यांना कोण घाई झालेली. पहिल्या खांबाच्या बुडाशी त्यांनी पहार घातली, तसे भाऊ पेंढी घेऊनच वळले. किती वर्षांनी थोरल्या भावाशी बोलत होते कोण जाणे.

"दमानं घे, दादा," ते म्हणाले. "आधी सामान."

दादांनी पहार खाली ठेवली, तार वर उचलून पलीकडे गेले आणि कडब्याची एक पेंढी खांद्यावर घेतली.