डावीकडून येणारा अल्बट्रॉस

सौदीतल्या कतीफच्या एका दवाखान्यात मी डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. दिवसभर लोकांना तक्ता वाचायला लावायचा आणि सुट्टी मिळाली की गावाला जाऊन लग्नांमधून मिरवायचं, इतकी वर्षं हेच चाललंय. यंदा मात्र आमच्या ह्यांनी हट्टच धरला. गावी नाही, दक्षिण ध्रुवाकडच्या जहाजावर जायचं, अल्बट्रॉससारखे मोठाले समुद्रपक्षी बघायला. हे इथेच एका कंपनीत साइट इंजिनिअर. दर शुक्रवारी दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर फ्लेमिंगो बघत बसणारा माणूस. म्हटलं, चला बाई, एकदाचं होऊन जाऊ दे.

काय सांगू, जीव नकोसा झाला. उलट्या, थंडी, सतत गरगरणारं डोकं. त्यात जहाजावरच्या पक्षीवाल्या बाईने आम्हाला पक्षी मोजायच्या कामाला जुंपलं. डेकवर उभं राहून फक्त आपल्या बाजूचे पक्षी बघायचे, दिसला की सांगायचं. जहाजाच्या मागे लागलेला पक्षी पुन्हा पुन्हा मोजायचा नाही. हे दुर्बीण लावून उभे, आणि विचारायचे मलाच. "कसा आहे गं? पंख हलवतोय का? पोट पांढरं आहे का?" मी सांगायचं, मग हे नाव सांगणार.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. "अहो, इथे मला उभं राहवत नाहीये आणि तुम्ही मलाच काय विचारताय? तुमचे डोळे काय गहाण ठेवलेत?"

ह्यांनी दुर्बीण खाली घेतली. "मधलं दिसत नाही गं. कडेकडेचं तेवढं दिसतं."

शुगरने डोळ्यांचा पडदा खराब केला होता. रमजानच्या आधीच दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. म्हणून जहाजाची घाई. गाडी बिघडलीय सांगून हे कंपनीच्या बसने जात होते, तेही त्यामुळेच. गाडी चालवायच्या लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलेलं, आणि डोळ्यांची तपासणी आमच्याच दवाखान्यात. लायसन्स गेलं की साइटवर कोण ठेवणार? नोकरी गेली की इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, खलास, चंबूगबाळं आवरा.

मला भयंकर राग आला. घरात डोळ्यांची नर्स बसलीय आणि तिलाच पत्ता नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"तू मला तपासणीत पास करायला बघितलं असतंस," हे म्हणाले. "तुला खोटं बोलायला लागू नये, एवढंच."

दमले होते, भांडायचंही त्राण नव्हतं. मी सरकून त्यांच्या शेजारी कठड्याला धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, "आत्ता आहे का काही?"

समुद्र रिकामा होता. राखाडी पाणी, लांबवर बर्फाचा एक तुकडा, बाकी काही नाही. मी त्यांचा दंड धरला.

"आहे ना. अल्बट्रॉस आहे. डावीकडून येतोय, अगदी पाण्याला लागून. पंख हलवतच नाहीये."

"मोठा आहे?"

"खूप मोठा," मी म्हटलं.