कोरिया, क्युबा आणि आमच्या वाडीचं कुंपण

गेल्या महिन्यात आमच्या वांग्यांच्या वाडीत कोरियाचं युद्ध झालं. हसू नका... खरंच झालं.

मी आर्वीला बी.एस्सी. करते. आता नवीन नियमाप्रमाणे दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावाच लागतो, दोन क्रेडिटचा. मी जाईपर्यंत सोपे विषय भरून गेले होते, उरला होता 'आधुनिक जगातील संघर्ष'. पहिल्या वेळी नापास झाले. यंदाही गेला असता तर डिग्री अडकली असती आणि बी.एड.चा प्रवेशही हातचा गेला असता.

थोडंफार समजत नव्हतं असं नाही, काहीच समजत नव्हतं. एका धड्यातले दोस्त पुढच्या धड्यात दुश्मन. नाव शीतयुद्ध, आणि माणसं मेली लाखोंनी... मग त्यात शीत काय होतं? युद्धविराम आणि शांतता करार यातला फरक तर दरवेळी वाचला की वेगळाच समजायचा.

शेवटी एक डोकं चालवलं. देशांच्या जागी घरची माणसं बसवली.

आमची आणि मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, भाजीची वाडी लागून आहे. विहीर एकच, मध्ये तुराट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं कुंपण. तीन-चार वर्षांपासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मोठेबाबा आमच्यापैकी कोणाशीच नाही. मोटर कोणी कधी लावायची ते ठरलेलं आहे, त्यामुळे बोलायचं कामही पडत नाही.

तर मोठेबाबा उत्तर कोरिया, कारण त्यांची वाडी वरच्या अंगाला. बाबा दक्षिण. सेलूची आत्या महासत्ता, ती दोघांनाही फोनवरून दारूगोळा पुरवते. (आत्या फेसबुकवर नाही म्हणून लिहितेय.)

मला मोठ्याने बोलल्याशिवाय पाठ होत नाही. रविवारी सकाळी वांग्यांच्या ओळींमधून फिरत घोकत होते... कारण पहिलं, मोठेबाबानं बाबाचा पाइप कापला. कारण दुसरं...

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "पाइप मी नाई कापला. डुकरानं तोडला व्हता. तुह्या बापाले तवाच सांगतलं व्हतं."

माझी बोबडीच वळली. इतक्या वर्षांनी मोठेबाबा माझ्याशी बोलले, आणि तेही मी त्यांना युद्धाला जबाबदार धरत असताना. 

त्यांनीच विचारलं, हे काय पाठ करून राह्यली. मी परीक्षेचं सांगितलं. मग शेवटी जिंकलं कोण, त्यांचा पुढचा प्रश्न. कोणीच नाही, मी म्हटलं. लढाई थांबवायचं ठरलं, सह्या झाल्या, पण शांततेचा करार काही झालाच नाही.

"म्हंजे भांडन अजून सुरूच हाय?"

"सुरूच हाय मोठेबाबा. फक्त बंद हाय."

पलीकडे खुरपं परत चालू झालं. आणि स्वतःच्या तोंडून हे ऐकल्यावर युद्धविराम आणि करारातला फरक मला पहिल्यांदा कळला.

घरी आल्यावर बाबांना डुकराचं सांगितलं. ते म्हणाले, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. आता एक म्हणतो सांगितलं, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघंही खोटं बोलणारे नाहीत. पुस्तकात युद्धाची कारणं इतकी सरळ एक-दोन-तीन कशी लिहितात, कोण जाणे...

दुसऱ्या दिवशी मी भीतीनेच मनातल्या मनात वाचत होते. तर पलीकडून मोठेबाबा, "काऊन वं, आज वाचून नाई राह्यली?"

मग रोजचंच झालं. मी वाचायची, पलीकडे त्यांचं निंदण चालायचं. दोन-चार दिवसांत बाबांनाही नेमकी कुंपणाजवळचीच कामं निघायला लागली, दोडक्याचे वेल बांधायची. प्रश्न दोघंही विचारायचे, पण मला. मी मधल्या मध्ये राजदूत... आणि राजदूताला निम्मी उत्तरं येत नव्हती.

क्युबाचा धडा चालू असताना बाबांनी विचारलं की रशियानं तिथे एवढ्या मुश्किलीनं नेलेली क्षेपणास्त्रं लगेच परत कशी नेली. मी अडकले. आदल्या दिवशीच मोठ्याने वाचलं होतं, पण डोक्यात सगळा काला.

उत्तर कुंपणापलीकडून आलं. "अमेरिकेनंई तुर्कस्तानातले आपले काढाले होकार देला व्हता. चुपचाप. लोकाईले नाई सांगतलं."

बाबांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बरोबर हाय."

बस्स, एवढंच. पण ते मला म्हटलेलं नव्हतं. मला एकदम रडायला आलं.

पेपरात युद्धविराम आणि करार यातला फरक विचारला होता. पानं भरून लिहिलं. मागच्या आठवड्यात निकाल आला, पास झाले. आईने शिरा केला आणि पुस्तक माळ्यावर गेलं.

काल बाबा वांगी तोडता तोडता म्हणाले, "आता दुसरा कोन्ता पेपर नाई काय... जोरात वाचाचा?" मी नाही म्हटलं. ते पुढच्या झाडाकडे वळले. पलीकडे चाललेला खुरप्याचा आवाज थांबला.

आमच्याकडे आता नक्की काय आहे, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक युद्धविरामच. पण आज बी.ए.च्या एका मैत्रिणीकडून इतिहासाचं जाडजूड पुस्तक मागून आणलंय. विषय माझा नाही, एकही क्रेडिट मिळणार नाही, आणि त्यातलं काही समजेल याचीही खात्री नाही.

तरी उद्या सकाळपासून वाचणार आहे... दोन्ही वाड्यांत ऐकू जाईल असं.