ढगाने दिलेली चप्पल

ढग कुणाला चप्पल देत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला माझ्यासारखी आठवीतून शाळा सोडलेली बाई लागते, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या पाळणाघरात मुलं सोडायला येणारे आईबाप सगळे शिकलेले. तरी ढगाच्या चपलेची ती कविता ऐकली की माना डोलवतात, "आमच्या लहानपणी होती हो," म्हणतात आणि डोळे टिपतात. कशासाठी टिपतात, देव जाणे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या पायांत चपला होत्या.

ती लिहिणारे कवी फार मोठे होते. आता नाहीत. आमच्या बाई म्हणतात, त्यांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढवल्या. मला विचाराल तर पिढ्या आयांनी वाढवल्या. कवींनी अंगाई म्हटली, तीही पोटभर जेवून.

बाई म्हणजे पाळणाघराच्या मालकीण. निवृत्त शिक्षिका, मूळच्या मालवणकडच्या. बोरीवलीत पूर्वेला, सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं घर आणि त्यातल्याच दोन खोल्यांत पाळणाघर. मी हिंगोलीकडून इथे आले तेव्हा माझ्याजवळ ना दाखला होता, ना कुणाची ओळख. बाईंनी दारात उभं करूनच विचारलं, "मुलं रडली तर काय करशील?"

"कविता म्हणीन."

"म्हण बघू."

मी चप्पल हरवलेल्या छकुलीची कविता म्हटली. दोनच कडवी झाली आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर कवींसोबत त्यांचा फोटो होता, तो मी नंतर पाहिला. "पुरे गं," म्हणाल्या. "उद्यापासून ये." त्या दिवसापासून माझी चूल त्या कवितेवर पेटते. बाईंनी मला बँकेत नेऊन खातं काढून दिलं, देवीपाड्यात खोली मिळवून दिली, दुपारी मुलं निजली की पेपर वाचायला बसवलं. हे उपकार मी विसरणार नाही. पण उपकारांखाली माणूस नीट झोपत नाही. भांडं पडलं तरी वाटायचं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नको.

बाईंनी त्या दिवशी दोन कडव्यांवर थांबवलं, तिथेच सगळा घोटाळा झाला. पुढे सहा वर्षं मी ती कविता रोज दुपारी म्हटली, पण शेवटचं कडवं येईस्तोवर एखाददुसरं सोडून मुलं झोपलेली असत आणि बाई आतल्या खोलीत फोनवर.

कवींच्या जन्मदिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं कवितावाचन असतं. सगळ्या कविता त्यांच्याच. बाई अध्यक्ष. गेल्या वर्षी आमच्यातली एक पाच वर्षांची पोर उभी राहिली, दोन वेण्या घालून. तिचे वडील गोरेगावला मालिका लिहितात. त्यांना कवी अजिबात आवडत नाहीत. कार्यक्रमाआधी ते मला म्हणाले होते, "मावशी, साखरेचा पाक आहे नुसता. यात दम काय आहे?" स्वतः ते रोज संध्याकाळी सासू-सुनेचं भांडण लिहितात. दमाची चौकशी त्यांनी करावी!

पोरगी छकुलीची कविता छान म्हणत होती. शेवटाला तिने छाती पुढे काढली आणि म्हणाली:

ढग म्हणाला, नाही चप्पल,
वारा म्हणाला, पळ!
अनवाणी छकुली पोचली शाळेत,
काट्याला आली कळ!

मुलं खिदळली. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. बाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हे कवींचं नाही," त्या माईकवर म्हणाल्या. "बाळा, तुला हे कुणी शिकवलं?"

पोरीने बोट दाखवलं. "मावशीने."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. माझ्या मनात एकच विचार, गेली नोकरी. का गेली, तेसुद्धा कळेना. कारण माझ्या लेखी तेच कडवं खरं होतं.

घरी आल्यावर बाईंनी कपाटातून पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. "वाच." मी वाचलं.

ढगाने दिली मऊ चप्पल,
वाऱ्याने बांधली फीत,
छकुली निजली आईच्या कुशीत,
गात चपलेचं गीत.

मी दोनदा वाचलं. मला आधी वाटलं, छापणाऱ्याने चूक केली. मग आमच्या शाळेतली पुस्तकं आठवली. चार पोरांत एक पुस्तक होतं आणि त्या पानाच्या तळाशी वहीचा कागद डकवलेला असायचा, गुरुजींच्या अक्षरातला. खळ लावून त्यांनी प्रत्येक पुस्तकात तो चिकटवला होता. आम्हाला वाटायचं, पान फाटलं म्हणून गुरुजींनी जोडलं.

"कवींच्या ओळी बदलायची तुझी हिंमत कशी झाली?" बाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी ही कविता शिकवली. आणि माझ्याच घरातून..."

"बाई, मी नाही बदलल्या. मला हेच येतं."

"शनिवारी पालक येतील. त्यांच्यासमोर सांगायचं, हे जोडकाम माझं, चुकले. आणि खरी कविता म्हणून दाखवायची. नाहीतर मुलं तुझ्या हाती कशी देऊ मी?"

दुसऱ्या दिवशी पोरीचे वडील आले ते मोबाइल नाचवत. "मावशी, काय सॉलिड एंड आहे यार! सगळ्या ग्रुपवर फिरतंय. तुम्ही लिहिलंत ना? कवीची पार वाट लावलीत!" त्यांना माझं कौतुक नव्हतं. त्यांना कवींना मारायला दगड हवा होता आणि तो कामवालीच्या हातातून मिळाला म्हणून जास्त मजा. बाईंच्या त्या पाणावलेल्या डोळ्यांना आणि यांच्या टाळीला मी एकाच तराजूत घालते. दोघांपैकी कुणीही अनवाणी चालून बघितलेलं नाही.

मी भावाकडून गुरुजींचा नंबर मिळवला. फोन उचलल्यावर "जय भीम" म्हटलं, वर्ष सांगितलं, बापाचं नाव सांगितलं.

"हां, नदीकडच्या घरची. बोल पोरी."

मी कडवं म्हणून दाखवलं. पलीकडून मोठ्याने हसू. "हे म्या लिव्हलंय? बरं जमलंय की गं."

"गुरुजी, माझी नोकरी चाललीय त्याच्यापायी."

"आगं, मग माझ्यावर ढकल. माझी पेन्शन काय बंद व्हत न्हाई आता."

"पण का बदललं तुम्ही?"

"का म्हंजे? वर्गात बत्तीस पोरं, चपला सात जोड. मी वाचलं, ढगानं चप्पल दिली. तर एक पोरगं खिडकीतून वर बघाया लागलं. खरंच बघाया लागलं. म्हटलं, ह्या माणसाच्या नादानं माझी पोरं वर बघत बसतील अन् काटा मोडून घेतील. त्या दिशी घरी जाऊन खळ शिजवली." मग म्हणाले, "तुझी नोकरी सोडू नको मात्र. शेपटाचं काय, मी लई कवितांच्या शेपट्या कापल्यात."

शनिवारी पालक चपला बाहेर काढून बसले. आठ-दहा जोड तर नुसते मुलांचे, चमकणारे, वेलक्रोचे. मी उभी राहिले. म्हणाले, "ते कडवं माझ्या गावच्या गुरुजींचं. मी ते कवींचं समजून शिकवलं, ही चूक माझी." जोडकाम माझं, असं मी म्हटलं नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. मग मी खरं कडवं म्हणून दाखवलं. फीत, कुशी, गीत, सगळं. तोंडात गिळगिळीत गोड शिऱ्याचा घास फिरवावा तसं वाटलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मालिकावाले मोबाइलमध्ये बघत होते; भांडण मिटलं म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

त्यांची पोरगी मात्र मध्येच बोलली, "मावशी, ढगाची चप्पल ओली असेल ना? सर्दी होईल."

कुणी हसलं नाही. बाईंनी खाऊ वाटायला सांगितला.

नोकरी राहिली. कविता गेली. आता दुपारी बाई स्वतः पुस्तक घेऊन बसतात आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मुलांना जागं ठेवतात. माझ्याकडे हात धुणं, भरवणं, झोपवणं. मी बाईंची आजही ऋणी आहे, रोज आहे, आणि त्या कवितेची मला आजही किळस येते. दोन्ही एकाच पदरात बांधून मी कामाला येते.

संध्याकाळी मुलांना बूट घालायचं काम माझंच. परवा एकेकाचा पाय मांडीवर घेऊन वेलक्रो दाबत होते. चुकून उचकटला की चर्र आवाज होतो. मालिकावाल्यांच्या पोरीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं, तिने तिसऱ्याच्या, आणि मग पाच-सहा जण बूट आपटत हळूच म्हणायला लागले, "काट्याला आली कळ, काट्याला आली कळ."

मी त्यांना शिकवलं नव्हतं. गप्पही केलं नाही.

"काय चाललंय गं तिकडे?" बाईंनी आतून विचारलं.

मुलांचे बूट थांबले. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही बाई," मी म्हटलं. "बूट घालतोय." आणि पुढचा पाय मांडीवर घेतला.