पौर्णिमेच्या दिवशी आलेलं सूत

चोर पकडायचा तर पोलीस आणा, असं आमच्या मालकांचं म्हणणं. मला मात्र वाटायचं, निवांत बसू दिलं तर हिशेबनीसही पुरतो. सत्तरच्या दशकात भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी नवा हिशेबनीस होतो. गोदामात सुताच्या गाठी कमी भरल्या आणि सगळं बालंट गोदाम सांभाळणाऱ्या मामांवर आलं. "उद्या चाव्या ठेवा आणि घरी जा," मालक त्यांना म्हणाले.

मामा तेलुगू विणकराच्या घरातले. मला म्हणाले, "लई वर्सं हाय की मी हितं. एक दोरा नेला न्हाय."

मी गाठींच्या मागे लागलोच नाही, बिलांच्या मागे लागलो. प्रत्येक बिलाला माल मिळाल्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर मामांची सही. कागद इतके चोख, की मला संशय आला. मामांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, गाडी आल्यावर धावपळ नको म्हणून कॅशियर कोऱ्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवायचा. म्हणजे न आलेल्या मालाचं बिल लावायचं, कोरी चिठ्ठी भरून जोडायची आणि पैसे खिशात. वहीत माल आला, गोदामात आलाच नाही, आणि चोर ठरले मामा!

पण सिद्ध कसं करायचं? मी चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघत गेलो. एका तारखेवर बोट थांबलं आणि मला हसूच फुटलं. नारळी पौर्णिमा! त्या दिवशी विणकरांच्या दैवताचा, मार्कंडेयाचा रथ निघतो. विणकरांचा एक माग हलत नाही, मग गोदाम कोण उघडणार? कॅशियर बाहेरगावचा, पुण्याचा. राखीला दरवर्षी बहिणीकडे जायचा. आपल्यामागे इथे काय असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी कॅशियरसमोरच मी ती चिठ्ठी मालकांपुढे ठेवली. "या दिवशी मामांनी माल उतरवून घेतलाय."

मालकांनी तारीख वाचली, पुन्हा वाचली. "कसं शक्य आहे? रथाचा दोर धरून ते माझ्या शेजारी होते की!"

कॅशियरचं पुढे व्हायचं ते झालं. मालकांनी चाव्या स्वतः मामांच्या हातात दिल्या. त्या दिवशी मी जाम खुशीत होतो.

पगाराला मी मामांपुढे पाकीट आणि पावती सरकवली. त्यांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या. पावती मला मोठ्यानं वाचायला लावली. मग सही केली.

"राग नगा मानू," ते म्हणाले.

राग कसला? वाईट वाटलं. पूर्वी हाच माणूस कागदाकडे न बघता सही करायचा.